पिलांचा इसार

“किती हायत, मॅडम?” बेबीनंदाने तिसऱ्यांदा विचारले.

डॉक्टर आकांक्षांचे डोळे पडद्यावर होते. चिंगीच्या भादरलेल्या पोटावरून सोनोग्राफी यंत्राची मूठ त्या सावकाश फिरवत होत्या. चिंगी टेबलावर कुशीवर पडली होती. एरवी अंगाला परका हात लागला की ती भुंकून घर डोक्यावर घेई. आज बेबीनंदाने तिचे पुढचे पाय धरले होते ते उगीचच. सोडले असते तरी ती हलली नसती. दाराजवळच्या स्टुलावर बेबीनंदाचे वडील, आबा बसले होते. चिंगीला कुंभार पिंपळगावाहून जालन्यापर्यंत ज्या कापडी पिशवीत आणले, तिची घडी करून त्यांनी मांडीवर ठेवली होती.

पडद्यावर काळे गोळे दिसत होते, एकाला एक चिकटून. ही डोकी असणार असे बेबीनंदाने ठरवले आणि मनातल्या मनात मोजून टाकले. पाच. हिशेब तिने चारचाच धरला होता.

“ताई, पिलं नाहीत.”

“न्हाईत म्हंजे?”

“एकही नाही. गर्भपिशवीत पू झालाय. हे काळं दिसतंय ना, तो सगळा पू आहे.”

बेबीनंदा थोडीशी हसली. समोरच्याची चूक आपण समजुतीने सांगावी, तसे ती म्हणाली, “त्रेसष्ट दिस होऊन गेले, मॅडम. आमी तिला दाखवून आनलंय.”

चिंगीला दाखवायला न्यायची कल्पना तिचीच होती. गाय वळूला दाखवतात, तशी ती चिंगीला पिशवीत घालून जीपने तीर्थपुरीला हरिओम सरांकडे घेऊन गेली होती. सरांचा टायगरही चिंगीसारखाच पांढरा, झुबकेदार शेपटीचा. असल्या पोमेरेनियन कुत्र्यांना गावात ‘पामोलियन’ म्हणत, पामोलिन तेलासारखे. सरांनी पैसे घेतले नाहीत. एक पिलू द्यायचे ठरले. उरलेली पिले तीन-तीन हजारांना जातात, हेही सरांनीच सांगितले होते. त्या दिवशी परतीच्या जीपमध्ये कोपऱ्यात दबून बसलेली बेबीनंदा कितीतरी महिन्यांनी काहीतरी गुणगुणत होती.

ती गावच्या अंगणवाडीत मदतनीस होती. नवऱ्याचे घर सोडून आई-बापाकडे आल्याला अकरा वर्षे झाली होती. मानधन साडेसात हजार, आणि तेही दोन-दोन महिने येत नसे. आबांना श्रावणबाळ योजनेचे दीड हजार मिळत. त्यात किराणा, गॅस, लाइटबिल, आबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या आणि चिंगी. चिंगीला रोज पावशेर दूध लागे, दिवसाआड अंडे लागे. पावसाळ्यात गोचिडांचे औषध, वर्षातून एकदा सुई. महिन्याला हजाराच्या आसपास जात. माणसाला कमी पडले तर माणूस गप्प बसतो, कुत्र्याला ते जमत नाही. बेबीनंदा हा खर्च भिंतीवरच्या दिनदर्शिकेत महिनाअखेरीच्या चौकोनात मांडायची. पण तिथे चिंगीचे नाव नसे. ‘आबाचे औषध’ असे लिहून ती पुढे आकडा टाकायची.

ते खोटेही नव्हते. चौदा महिन्यांपूर्वी तिची आई, गिरिजाबाई गेली, तेव्हा आबांनी खाणे सोडले होते. पुण्यानुमोदनाच्या दिवशी सगळी पंगत उठली तरी आबांच्या तोंडात घास नव्हता. नुसता चहा. लोक म्हणाले, म्हातारा काही दिवाळी बघत नाही. चिंगीही खात नव्हती. ती गिरिजाबाईच्या अंथरुणावर झोपायची आणि ते अंथरूण आता धुऊन वाळत घातले होते. मग एका सकाळी बेबीनंदाने आबांपुढे ठेवलेल्या ताटात चिंगीने तोंड घातले. आबांनी तिला हाकलले नाही. भाकरीचा तुकडा मोडून तिला दिला, दुसरा दुधात बुडवून दिला, आणि तिसरा, कुणी पाहत नाही असे समजून, स्वतःच्या तोंडात टाकला. तेव्हापासून ती दोघे एका ताटात जेवत होती. चिंगीने तोंड फिरवले की आबांचेही जेवण संपे.

म्हणून चिंगीला कमी पडू द्यायचे नव्हते, आणि म्हणून पिले हवी होती. पिलांचे नऊ-दहा हजार म्हणजे चिंगीचे जवळजवळ सगळे वर्ष.

महिनाभराने चिंगीचे पोट दिसू लागले. ती ओकायची, पाणी फार प्यायची, सुस्त पडून राहायची. सगळे बराबर जमत होते. “गरवार हाय ती, तिला जल्दी जल्दी उचलू नगं,” आबा सांगायचे. जनावर गाभण असते, गरवार बाई असते. पण आबांना ते कोण सांगणार? बेबीनंदाने तिच्यासाठी दुधात नाचणीची पेज शिजवली. सुमितने पाचशे रुपये इसार दिला. त्याचे चौकात मोबाइलचे दुकान होते आणि त्याच्या पोरीला, अर्पिताला पिलू हवे होते. किराणा दुकानवाल्या राधेश्यामशेठने हजार दिले. पोटातल्या वासराचा इसार बाजारात घेतात, मग पिलाचा घ्यायला काय झाले? ते दीड हजार चिंगीच्या सुईत आणि आबांच्या गोळ्यांत गेले. आठ दिवसांपूर्वी चिंगीच्या अंगावरून तांबूस पाणी जाऊ लागले तेव्हा बेबीनंदाने गोधडी मऊ करून कोपऱ्यात अंथरली, दिवस भरले म्हणून.

दर महिन्याला अंगणवाडीत गरोदर बायका येत. सेविका प्रीतीताई धोक्याची लक्षणे वाचून दाखवत आणि बेबीनंदा शेजारी तक्ता धरून उभी असे. अंगावरून पाणी जाणे, उलट्या, ताप, अन्न न जाणे. अकरा वर्षे ती तो तक्ता धरत होती.

“पिशवी काढावी लागेल,” डॉक्टर आकांक्षा म्हणाल्या. “आजच. नाहीतर पू अंगात भिनतो. मूत्रपिंडावर परिणाम झालेलाच आहे, रक्तावरून दिसतंय.”

“गोळ्या-इंजेक्शन?”

“देता येतात. पण मी देणार नाही. त्यानं हिला दोन दिवस मिळतील, जास्त नाही.”

खर्च चौदा हजार सांगितला. भूल, टाके, सलाईन, तीन दिवस ठेवणे, सगळे धरून. बेबीनंदाच्या पर्समध्ये तीन हजार दोनशे होते. पिले अडली असतील तर सुईला लागतील म्हणून आणलेले.

तिने चिंगीच्या कानामागे हात फिरवला आणि तोंडातून वाक्य निघून गेले, “सोमवारी घेऊन येतो मंग, मॅडम. पैशाचं बगून.”

बोलून झाल्यावर तिला ते ऐकू आले.

हेच वाक्य ती दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका दवाखान्यात, दुसऱ्या एका डॉक्टरपुढे बोलली होती. तेव्हा टेबलावर गिरिजाबाई होती. पाळी बंद होऊन पंधरा वर्षे झालेल्या बाईच्या अंगावरून जात होते आणि तिने ते तीन महिने लपवले होते. पिशवी काढावी लागेल, उशीर करू नका, असे डॉक्टर म्हणाले होते. खर्च चाळीस हजार. योजनेत बसवले तर फुकट, पण रेशनकार्डावर नाव ‘गिर्जाबाई’ होते आणि आधारवर ‘गिरिजाबाई’. सोमवारी येतो म्हणून ती आईला घरी घेऊन आली. त्या सोमवारी अर्ज दिला. पुढच्या सोमवारी साहेब मीटिंगला होते. मग सण आला. एका वेलांटीसाठी तालुक्याला सात चकरा झाल्या. गिरिजाबाई म्हणायची, “राहू दे ना बाई, मला कुठं दुखून राह्यलंय.” नाव जुळले तेव्हा नवीन तपासणी झाली आणि डॉक्टर म्हणाले, आता काढून उपयोग नाही, पसरलंय.

या गोष्टीबद्दल घरात पुन्हा कधी कुणी बोलले नव्हते. आबांनी तिला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते, असे तिला कितीदा वाटले होते.

“सोमवार न्हाई,” स्टुलावरून आबा म्हणाले. सकाळपासूनचे त्यांचे हे पहिलेच बोलणे. “सोमवार म्या पाह्यलेला हाय. मॅडम, काढा तुमी.”

डॉक्टरांनी निम्मे पैसे आधी मागितले. तोवर चिंगीला सलाईन लावायला आत नेले आणि ही दोघे बाहेरच्या बाकावर येऊन बसली. बाकावर एक बाई मांजर टोपलीत घेऊन बसली होती. भिंतीवर नाना जातींच्या कुत्र्यांचे चित्र होते. बेबीनंदाने फोन काढला.

पहिला फोन धम्मपालला, तिच्या भावाच्या मुलाला. तो इथेच जालन्यात लोखंडाच्या कारखान्यात होता. चार वर्षांपूर्वी चिंगीला त्यानेच आणले होते आणि घरमालक ठेवू देत नाही म्हणून ‘चार दिवस’ आजीकडे सोडले होते. मागे यंत्रांचा धडधडाट चालू होता आणि तो मोठ्याने बोलत होता, त्यामुळे बाकावर सगळ्यांना ऐकू जात होते.

“आत्या, तुला येड लागलंय का? चौदा हजार? अगं, नवीन चार हजारात भेटतं. उद्या आनून देतो, याच्याहून भारी.”

आबांनी मान वळवली नाही. नुसते म्हणाले, “तुज्यापाशीच ठिव म्हनावं.”

प्रीतीताईंनी आधी रागावून घेतले, इतक्या दिवसांत विचारायचे तरी, आणि मग दीड हजार टाकले. त्यांचेही मानधन थकलेलेच होते. चार हजार सातशे झाले. अजून दोघांची नावे उरली होती. बेबीनंदा बराच वेळ फोन हातात धरून बसली. मग तिने सुमितला लावला.

“बोला मावशी, किती झाले?” सुमित खुशीत होता. “आमची अर्पिता नाव ठिवून मोकळी झाली, पेढा. आता काळं निघालं तर काय करावं, तेवढं सांगा.”

“चार हायत,” बेबीनंदा म्हणाली.

ते इतके सहज आले की तिलाच नवल वाटले. पुढचे त्याहून सोपे गेले. चिंगी अडली आहे, जालन्याला आणलीय, डॉक्टर पैसे मागतायत. पिलाचे राहिलेले अडीच हजार आत्ताच टाकले तर बरे होईल. सुमितने टाकलेसुद्धा, तिने फोन ठेवायच्या आत. वर म्हणाला, पांढरे आमच्यासाठी धरा. राधेश्यामशेठने घासाघीस केली. आधी पैसे देतोय तर पाचशे कमी कर म्हणाले. तिने केले. जन्माला न आलेल्या पिलाचा भाव तिने अडीच हजारांवर आणला आणि दीड हजार घेतले.

आठ हजार सातशे. ती उठली.

“चार कोनती?” आबांनी विचारले.

“आबा, मागून बोलू.”

“मागून काय पिलं येनार हायत का?”

ती परत बसली. टोपलीतले मांजर बारीक आवाजात ओरडत होते. ती बाई त्यांच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करत होती.

“लाव त्याला,” आबा म्हणाले.

“त्यानं परत मागितले तर? आबा, पैसे न्हाई भरले तर चिंगी मरंल.” तिने पदर तोंडाला लावला. “तुमी मंग काय करनार हायत, मला म्हाईत न्हाई का? पुन्यांदा तेच बगू का म्या?”

आबांनी मांडीवरच्या पिशवीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. आयुष्यभर त्यांनी पाटावर रोजंदारीने काम केले होते. रात्री-अपरात्री पाण्याच्या पाळ्या सोडल्या होत्या. वाकडे बोलायची त्यांना सवय नव्हती आणि तोडून बोलायचीही नव्हती.

“मरंल,” ते शेवटी म्हणाले. “मरंल तर मरंल. पर त्या लेकराला पेढा देतो म्हनून न्हाई जगवायची. लाव.”

तिने लावला आणि फोन त्यांच्या कानाला धरला.

“सुमित, रामकिसन बोलतो. पिलं न्हाईत. पोरगी घाबरून बोलली. पोटात पू झाला, पिशवी काढायची हाय. तुजे पैसे आल्यात. परत टाकू का ठिवू, तू सांग.”

पलीकडे दुकानात कुणीतरी गाणे लावले होते ते ऐकू येत राहिले. मग ते बंद झाले.

“पिशवी म्हंजे, आबा… गिरिजाआजीचं झाल्तं तसं?”

“हौ.”

“ठिवा मंग,” तो म्हणाला. “पोरीला मी सांगतो कायतरी. दिवाळीला बगू.” आणि थोड्या वेळाने, “राधेश्यामशेठचं मला म्हाईत न्हाई हां. त्यान्ला तुमीच बोला.”

राधेश्यामशेठने शांतपणे ऐकून घेतले आणि दीड हजार परत मागितले. हजाराच्या इसाराचे गावात आल्यावर बोलू, म्हणाले. रागावले नाहीत. धंद्याचे बोलले. बेबीनंदाने तिथल्या तिथे पैसे परत टाकले. सात हजार दोनशे उरले.

डॉक्टर आकांक्षा दारात कधीच्या उभ्या होत्या, किती ऐकले होते कोण जाणे. “सात भरा,” त्या म्हणाल्या. “बाकीचे महिन्याभरात. नाही आणलेत तर मी काही मागायला तुमच्या गावाला येणार नाही, हे माझं मला माहीत आहे. तुमचं तुम्हाला माहीत असू द्या.”

संमतीच्या कागदावर आबांनी सही केली. हजेरीपटावर करायचे तशीच, पूर्ण नावाची, एकेक अक्षर दाबून. दोनशे रुपये बेबीनंदाने वेगळे ठेवले. आबांना एसटीत तिकीट लागत नाही आणि तिला अर्धे. तेवढ्यात घरी जाता येणार होते.

आतला दिवा लागला आणि दार बंद झाले.

वाट पाहताना माणूस हिशेबच करतो. बेबीनंदाने राहिलेले सात हजार पुढच्या महिन्यांत बसवून पाहिले. दूध अर्धे केले, अंडी बंद केली, स्वतःच्या चष्म्याचा नंबर पुढे ढकलला. तरी बसत नव्हते. जमेच्या बाजूला आता पिले नव्हती आणि ती कधीच येणार नव्हती. मग, नको नको म्हणताना, तिने चिंगीशिवायचा हिशेब मांडला. महिन्याला हजार वाचत होते. तिथेच थांबायला हवे होते, पण मन थांबले नाही. चिंगीमागून आबांच्या गोळ्याही कमी झाल्या, मग त्यांची भाकर, आणि मग जमेतले श्रावणबाळचे दीड हजारसुद्धा गळाले. ती एकटीच उरली, साडेसात हजारांत. हिशेब बिलकुल जमत होता. एक पैसा कमी पडत नव्हता.

तिने आबांकडे पाहिले. ते कुत्र्यांच्या चित्राखाली ताठ बसले होते, लग्नमंडपात वडीलधारी माणसे बसतात तसे. ती थोडी सरकून त्यांना लागून बसली. त्यांच्या दंडाची ऊब तिला लुगड्यातून जाणवली. मांजरवाल्या बाईने बाटलीतले पाणी पुढे केले. आबांनी ते घेतले, दोन घोट प्यायले आणि बाटली बेबीनंदाला दिली.

दार उघडले तेव्हा दीड वाजून गेला होता. डॉक्टर आकांक्षांच्या हातात स्टीलचा ट्रे होता.

“जिवंत आहे,” त्यांनी आधी तेच सांगितले. “दोन दिवस धोका आहे. मूत्रपिंडानं साथ दिली तर निघेल. आत्ता श्वास चांगला आहे.” मग ट्रेकडे पाहून त्या अडखळल्या. “बघायचं आहे का? लोकांना दाखवतो आम्ही, म्हणजे काय काढलं ते कळतं.”

बेबीनंदाने मान फिरवली. आबा उठले.

ट्रेमध्ये दोन फुगलेल्या नळ्या होत्या, जांभळट, जागोजागी आवळल्यासारख्या, एका टोकाला जोडलेल्या. जेमतेम वीतभर लांबीच्या. आबांनी वाकून नीट पाहिले.

“हीच का ती?”

“हो. हीच पिशवी.”

“आन् बाईची केवढी असती, मॅडम?”

डॉक्टरांना प्रश्न कळायला क्षणभर लागला. “बाईची? मुठीएवढी असते, आजोबा. याच्यापेक्षा लहानच.”

“लहान,” आबा म्हणाले.

त्यांनी उजवा हात वर घेतला, बोटे मिटून मूठ वळली आणि त्या मुठीकडे पाहिले, सगळ्या बाजूंनी, काही वस्तू हातात घेऊन पाहावी तसे. डॉक्टर ट्रे घेऊन आत गेल्या तरी ते तसेच उभे होते. बेबीनंदाने त्यांना हाक मारली नाही.

थोड्या वेळाने आतून कंपाउंडरने बोलावले. चिंगीने डोळे उघडले होते, कुणी ओळखीचे असेल तर समोर या म्हणाला. आबा लगबगीने वळले आणि आत गेले. उजवी मूठ अजून मिटलेलीच होती. दार त्यांनी डाव्या हाताने लोटले.